सिलकोट विसरलेली वर्षं

५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. वाशिम जिल्ह्यातल्या आमच्या मालेगाव तालुक्यातूनच हा रस्ता जातो, त्याचा अभिमान आहे. पण त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला डांबरी रस्ता न उकरता त्याच्यावर सिमेंटचा जाड थर ओतला गेला. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उंबरठे ओलांडून घरांत शिरलं. माझ्या शेजारणीनं गव्हाची कोठी पाटावर चढवली, तीही खालून भिजली. त्या जुन्या डांबरी रस्त्याला खड्डे नव्हते. तो पांढुरका पडला होता, बारीक खडी सुटत होती, केसासारख्या भेगा दिसू लागल्या होत्या. त्याला फक्त सिलकोट, म्हणजे डांबर आणि चुरीचा (बारीक खडीचा) फटी बुजवणारा पातळ थर, हवा होता.

रस्त्यांचा इतिहास सांगायचा तर १९४३ सालच्या नागपूर योजनेपासून सुरुवात करावी लागते. देशभरातले मुख्य अभियंते तेव्हा नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा आराखडा ठरला. पुढची कित्येक वर्षं आमच्या भागात मुरूम, खडी आणि दबाई यापलीकडे फार काही घडलं नाही, म्हणून मीही तिथे रेंगाळत नाही. मला बोलायचं आहे ते नव्वदच्या दशकाबद्दल. मी तेव्हा एका ठेकेदाराकडे मुनशी होतो. हजेरी लिहायची, डांबराची पिंपं मोजायची, गिट्टीच्या ट्रकचा हिशेब ठेवायचा. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. त्याआधीची आमची सगळी बिलं अकोल्याला जायची.

त्या वेळचं मालेगाव रस्त्यांवर जगायचं. अकोल्याहून पातूरचा घाट उतरून-चढून, मेडशी करत येणारी वाहनं इथून वाशिम-हिंगोलीकडे जात. नागपूरकडून कारंजा, शेलूबाजार करत आलेले ट्रक डोणगाव, मेहकर, जालन्याकडे वळत. रात्रभर टायरांचा आवाज आणि धाब्यांवरचे दिवे.

सिलकोटचं काम मे महिन्यात, सकाळी ऊन चढलं की सुरू व्हायचं. चुलीवर पिंप आडवं, खाली बाभळीची लाकडं. डांबर पाण्यासारखं वाहू लागलं की झारीत घ्यायचं आणि माणसानं मागं मागं चालत सारख्या धारेनं रस्त्यावर सोडायचं. बायांच्या पायांना गोणपाट आणि ट्यूबचे तुकडे बांधलेले, डोक्यावर चुरीचं घमेलं. डांबर गरम आहे तोवर चुरी फेकायची, हात असा फिरवायचा की एकही काळा ठिपका उघडा राहू नये. मागून रोलर. संध्याकाळी त्या बाया रॉकेलच्या बोळ्यानं पायाचे डाग काढत बसत. आमच्या अंगणात सारवण घालतात तसंच ते काम: थर पातळ, पण सगळं राखून ठेवणारा.

त्यामागचं गणित सरळ आहे. खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवर २० मिलिमीटरचं ओपन ग्रेडेड कार्पेट टाकतात. त्यात बारीक माल फारसा नसतो, म्हणून खड्यांच्या मधे फटी राहतात. पाणी त्या फटींतून थेट खाली जातं, आणि आमच्याकडे खाली काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. वरचा रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो आणि फुटतो. या फटी बुजवण्याचं काम सिलकोट करतो. द्रव डांबर आणि चुरीचा प्रकार घेतला तर दहा चौरस मीटरला ९.८ किलो डांबर लागतं. बारीक माल डांबरात घोळवून अंथरायचा प्रकार घेतला तर ६.८ किलो. एवढ्यावर पावसाळे निघतात.

इथेच माझा जुना राग आहे. कार्पेट टाकल्यावर सिलकोट लगेच करायचा, असा नियम आहे. पण मी किती वेळा ऐकलं, ‘सिलकोट दिवाळीनंतर, पुढच्या बिलात.’ हे म्हणणारे साहेब आणि ऐकून मान हलवणारा ठेकेदार, दोघांनाही ठाऊक असायचं की मधे चार महिने पाऊस आहे. दिवाळीत त्या रस्त्यावर सिलकोट टाकायला रस्ताच उरलेला नसायचा. मग नवं अंदाजपत्रक, नवी निविदा, नवं उद्घाटन. गावकरी म्हणायचे, डांबरच खराब. डांबर चांगलं होतं. उघडं ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट गेली ती मैलकुली. आपापल्या मैलावर नेमलेला माणूस: पावसाआधी चारी मोकळी करायचा, साइडपट्टीवर मुरूम टाकायचा, गवत काढायचा, सुटलेली खडी झाडून भेगेत डांबर ओतायचा. आमच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मैलकुलीला मी विचारलं होतं, एवढ्या पावसात खोरं घेऊन काहून हिंडता? तो म्हणाला, “बावा, पाणी उभं राह्यलं का रस्ता गेला. मंग डांबर टाका नाई तं सोनं टाका.” तो निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही, आणि त्याच्या मैलावरची चारी आज बाभळींनी भरली आहे.

पुढची वर्षं पटकन सांगतो. २५ डिसेंबर २००० रोजी पंतप्रधान ग्रामसडक योजना आली. तिच्यात पाच वर्षांच्या देखभालीची अट ठेकेदारावर होती, हे चांगलंच झालं. पाच वर्षांनंतर मात्र रस्ता बऱ्याच ठिकाणी पोरका झाला. मग गावात गट्टू आले, गल्लीगल्लीत सिमेंट आलं. सिमेंट टिकतं, यात वाद नाही. पण प्रत्येक वेळी जुन्यावर नवा थर चढवायचा आणि घरं खड्ड्यात ढकलायची, याला मी विकास म्हणणार नाही. नळाची पाइपलाइन फुटली की तोच रस्ता कटरनं कापतात आणि तसाच उघडा टाकतात.

ओहायोत राहणारा माझा भाचा दर काही वर्षांनी घरासमोरच्या डांबरी वाटेला स्वतः सीलर लावतो. दुकानात दोन प्रकार दिसले म्हणून त्यानं मला फोन केला: एक कोळशापासूनच्या डांबराचा, दुसरा पेट्रोलियमचा. पहिला तेल-डिझेलला जास्त दाद देत नाही, पण त्यातली घातक रसायनं पावसाबरोबर ओढ्यात उतरतात. टेक्सासच्या ऑस्टिन शहरानं २००६पासून त्यावर बंदी घातली, नंतर वॉशिंग्टन आणि मिनेसोटा राज्यांनीही. मी त्याला दुसरा घ्यायला सांगितला. फोन ठेवल्यावर मनाला लागलं ते हे की तिथे घरासमोरच्या वाटेला जेवढी निगा मिळते, तेवढी इथे तालुक्याच्या ठिकाणच्या रस्त्याला मिळत नाही.

मंगल कार्यालयवाले, पेट्रोलपंपवाले, जिनिंगवाले मला अजून विचारतात, पटांगणाला काय मारू? मी आधी पाहतो की तडे कसे आहेत. जाळीदार तडे असतील आणि पाय ठेवल्यावर जमीन दबत असेल, तर खालचा पाया गेला आहे. सिलकोटवर पैसे घालवू नका, तेवढा तुकडा उकरून पुन्हा भरा. डिझेल ठिबकणारी वाहनं जिथे उभी राहतात तिथे डांबर मऊ पडतंच, तिथे सिमेंट करा. बाकीच्या जागेला, भेगा आधी भरून आणि धूळ पूर्ण झाडून, इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) लावा. ते चुलीवर तापवावं लागत नाही, किंचित ओलसर खडीलाही धरतं, आणि कोणाचे पाय भाजत नाहीत. ओतताना ते तपकिरी दिसतं. पाणी सुटून काळं झालं की बसलं समजा. चुरीसोबत वापरायचं असेल तर आरएस-२ मागा. त्यात एक तृतीयांशाच्या आसपास पाणी असतं, म्हणून गरम डांबराचा हिशेब त्याला लावू नका, जास्त लागेल. तापवून करायचं तर आपल्या उन्हाला व्हीजी-३० प्रतीचं डांबर घ्या. व्हीजी-१० मे महिन्यात चपलेला चिकटेल.

मालेगावात अजून काही गल्ल्या डांबरी आहेत. त्यांच्यावर सिमेंटचा आणखी एक थर चढवायच्या आधी नगरपंचायतीनं त्या पायी फिरून पाहाव्यात. जिथे पाया शाबूत आहे तिथे मेच्या मध्यापर्यंत सिलकोट करावा, दोन्ही बाजूंच्या नाल्या त्याच कामात मोकळ्या कराव्यात. नवीन कार्पेट टाकलंच, तर मोजमाप पुस्तकात सिलकोटची नोंद पावसाआधीची असावी, आणि ती नसेल तर कार्पेटचंही बिल निघू नये.