विस्थापितांची बाग

भायखळ्याच्या राणीच्या बागेस कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नामाभिधान असले, तरी मुंबईकरांच्या जिभेवर जुनेच नाव नांदत आहे. आणि तिचा इतिहास चाळू लागले म्हणजे असे दिसते की, या नगरीने ज्यांना ज्यांना मूळ जागेवरून उठवले, त्यांतील कितीकांची अखेरची रवानगी याच आवारात झाली.

खुद्द बागही त्यास अपवाद नाही. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची वनस्पतिबाग पूर्वी शिवडीस होती. ती जमीन युरोपीयांच्या दफनभूमीच्या कामी गेली, आणि माझगावच्या माउंट इस्टेटीवर वसवलेली नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. १८७३ मध्ये तिचा कारभार नगरपालिकेच्या हवाली झाला.

येथील विस्थापितांत सर्वांत वडीलधारा म्हणजे घारापुरीचा पाषाणाचा हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले, तोच हा. १८६४ साली त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलताना यारीची साखळी तुटली आणि तो कोसळून छिन्नभिन्न झाला. ते तुकडे या बागेत आले व १९१४ साली कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. एका साखळीच्या कच्चेपणाने जे राखले, ते राखण्याची अक्कल तत्कालीन अंमलदारांस नव्हती, हे नमूद केलेच पाहिजे. स्वातंत्र्यानंतर, १९६५ साली, युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही येथे आला. तो पूर्वी जेथे उभा होता, त्या फोर्टातील चौकाने मात्र काळा घोडा हे नाव सोडले नाही.

वृक्षांची तऱ्हा निराळी. आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती ही सारी परकी मंडळी येथे अशी रुजली की, त्यांना आता उपरी म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरलेला नाही. तरीही प्राणिसंग्रहालयाच्या अवाढव्य विस्ताराची योजना पुढे आली, तेव्हा पहिले संकट त्यांच्यावरच ओढवले. वृक्षप्रेमी नागरिकांनी नेटाने हरकती घेतल्या म्हणून ते टळले. २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले. दमट मुंबईत शीतगृहाबाहेर ज्यांचा टिकाव लागणे नाही, त्या पक्ष्यांसाठी लोक रांगा लावतात. उर्वशी फुलली आहे काय, याची चौकशी करणारे फारच थोडे.