ढेप, धान आणि करार

सकाळी 6. चहा होईस्तोवर आजच्या तासाचं टाचण काढतो. बी.कॉम.च्या मुलांना 'भारतीय करार कायदा, 1872' शिकवायचा आहे. पुस्तकातली उदाहरणं 'अ' आणि 'ब' यांची: अ हा ब ला घोडा विकतो. आमच्या वर्गात कुणाच्या घरी घोडा नाही. धान आहे, कापूस आहे, ठेक्याने केलेली शेती आहे, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आहे. म्हणून टाचणातून अ आणि ब यांना काढून टाकलं.

9.30. ढाबा, भंगाराम तळोधीकडची पोरं एसटीने येतात. कापूस वेचणी सुरू आहे, त्यामुळे जानेवारीत हजेरी कमीच असते. आज वर्ग बऱ्यापैकी भरलाय.

10. तास सुरू. आधी फळ्यावर चार शब्द: प्रस्ताव, स्वीकार, मोबदला, सक्षमता. शेवटचा लवकर उरकतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं. हप्त्यावर मोबाइल घ्यायला निघालेली दोन पोरं एकमेकांकडे बघतात.

मग आपल्या विदर्भातला खटला. खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी आणि अहमदाबादची एक पेढी. जुलै 1959 मध्ये ट्रंक कॉलवर सरकी ढेपेचा सौदा झाला. ढेप मिळाली नाही म्हणून अहमदाबादवाल्यांनी 31,150 रुपयांचा दावा तिथल्याच कोर्टात लावला. खामगावकर म्हणाले, आम्ही 'हो' खामगावातून म्हटलं, तेव्हा करार खामगावात झाला. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पत्राचा नियम फोनला लागू होत नाही. स्वीकार पत्राने पाठवला, तर ते टपालात पडताच प्रस्ताव देणारा बांधला जातो. फोनवर मात्र 'हो' जिथे ऐकू येतं, तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादेत. नागपूरला मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत नोंदवलं. मला त्यांचं मत आजही वाचावंसं वाटतं, पण परीक्षेत बहुमताचंच लिहायचं.

"सर, एका कागदावर सही नाई, तरी करार?" मागच्या बाकावरून प्रश्न येतो. तरी करार. कलम 10 मध्ये कागद, शिक्का, मुद्रांक यांची सरसकट अट नाही. जमिनीच्या विक्रीसारख्या व्यवहारांना वेगळे कायदे लेखी दस्त आणि नोंदणी मागतात, ती गोष्ट निराळी. व्हॉट्सअॅपवर ठरलेला सौदाही केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून फेटाळता येत नाही, ही तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आली.

11. उरलेला वेळ पाचगावला देतो. आपल्याच तालुक्यातलं गाव. वन हक्क कायद्याखाली 2012 मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला, हजारेक हेक्टर जंगलावर. तेंदू तोडण्यापायी जंगल छाटलं-जाळलं जातं म्हणून ग्रामसभेने तेंदू सोडला आणि बांबू विकायला घेतला. वर्गाला विचारतो: समजा, ग्रामसभेने बांबूविक्रीची जाहिरात दिली. हा प्रस्ताव झाला का? निम्मे हात वर. नाही. ते फक्त बोलावणं. प्रस्ताव देतो तो बोली लावणारा व्यापारी, आणि 'हो' की 'नाही' म्हणायचा हक्क ग्रामसभेचा. जंगलातल्या माणसाने भाव ऐकून घ्यायचा, हीच इथली जुनी रीत होती. स्वीकाराची बाजू गावाकडे येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

दुपारी 1. डबा. मग पेपर तपासणी.

3.30. एका विद्यार्थ्याचे वडील भेटायला आले. खिशातून चौघडी केलेला मुद्रांक काढला. "का जी सर, मुद्रांकावर आहे, म्हणजे पक्काच न?"

कागद उलगडून वाचला. 'शंभर पोते धान होळीच्या आत देईन, घेणार योग्य भावाने घेईल.' खाली दोन सह्या. भावाचं एक वेळ निभेल. भाव ठरला नसेल तर वाजवी किंमत द्यावी लागते, असं 1930 चा मालविक्री कायदा सांगतो. पण धान कोणतं? नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेलं एचएमटी, की ठोकळ? दोन्हींच्या भावात केवढं अंतर! आणि पोतं किती किलोचं? करार कायद्याचं कलम 29 म्हणतं, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्द. कायद्यातलं उदाहरण 'शंभर टन तेला'चं आहे. कोणतं तेल ते लिहिलेलंच नाही. काकांचा कागद अगदी त्याच वळणाचा.

"मंग धान देऊ का नको?"

द्या, पण आधी कागद दुरुस्त करा. वाण, क्विंटलमध्ये वजन, भाव, तारीख, पैसे कधी, मोजणी कोणाच्या काट्यावर. दोघांच्या सह्या, दोन प्रती, एक तुमच्याकडे. मुलालाच लिहायला बसवलं. 'सुमारे' हा शब्द त्याने आपणहून खोडला.

5.30. ते दोघे व्यापाऱ्याकडे गेले. मी उद्याच्या तासाला कलम 73 काढून ठेवलं: करार मोडला तर नुकसानभरपाई किती.

ज्यांच्या घरी असे कागद पडून असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. करारभंगाचा दावा साधारणपणे भंग झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, तसंच कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.