लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन

मनिलाच्या दक्षिणेला, उपसागराच्या कडेला लास पिन्यास हे शहर आहे. एकेकाळी मिठागरांसाठी नावाजलेले. फिलिपिन्सच्या रस्त्यांवर धावणाऱ्या रंगीबेरंगी जीपनी बनवणारा सराओ मोटर्सचा कारखानाही इथलाच. पण परदेशी पाहुणा वाट वाकडी करून येतो तो सेंट जोसेफ चर्चमधल्या ऑर्गनसाठी.

ऑर्गन म्हटले की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. हे प्रकरण वेगळे. पाइप ऑर्गनमध्ये भात्याची हवा नळ्यांतून घुमते आणि एका नळीतून एकच स्वर निघतो, त्यामुळे नळ्या शेकड्यांनी लागतात. युरोपात त्या कथिल-शिशाच्या किंवा लाकडाच्या करतात. इथल्या १०३१ नळ्यांपैकी ९०२ चक्क बांबूच्या आहेत.

ही करामत फादर दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंची. १७९५मध्ये ते लास पिन्यासचे पहिले धर्मगुरू झाले. दगडी चर्च त्यांनीच उभारले आणि ते पुरे होण्याआधीच, १८१६मध्ये, ऑर्गनही हाती घेतला. धातू महाग, बांबू मात्र भोवताली मुबलक. अडचण एकच, किडीची. भुंग्याने पोखरलेला बांबू आतून भुसा होतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. फादरांनी तोडलेले बांबू समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेवले. त्या मुरवणीतून जे धड निघाले, तेच कामाला घेतले. पुढे भूकंप झाले, वादळे झाली, पण त्यांतल्या बहुतेक नळ्यांना कीड शिवली नाही.

१८२१मध्ये ऑर्गन वाजू लागला, पण तुतारीसारख्या वाजणाऱ्या आडव्या नळ्यांची जागा रिकामीच होती. तुतारीचा खणखणीत स्वर बांबूतून मनासारखा निघेना. हट्टाला पेटून काहीतरी बसवून मोकळे होण्यापेक्षा फादरांनी त्या नळ्या धातूच्या केल्या आणि १८२४मध्ये काम पुरे झाले. मला त्यांची कारागिरी पटते ती इथे. गंमतही त्यांनी सोडलेली नाही. एक खटका ओढला की पाण्यात बुडवलेल्या छोट्या नळ्या पाखरांसारख्या किलबिलतात.

१८८०च्या भूकंपाने आणि पाठोपाठच्या वादळाने वाद्य मुके झाले. नळ्या उतरवून बांधून ठेवल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बेल्जियन मिशनऱ्यांनी त्या शोधून काढल्या आणि जमेल तशी डागडुजी केली. खरा जीर्णोद्धार झाला तो १९७३ ते ७५ या काळात, जर्मनीतल्या बॉन शहरी, क्लाइस या ऑर्गनकारांच्या कारखान्यात. बॉनच्या कोरड्या थंडीत बांबू तडकायचा, म्हणून तिथे एका खोलीत मुद्दाम फिलिपिन्सची दमट उष्ण हवा राखली होती. इतक्या नाजूक वाद्याला सातासमुद्रापार धाडणे हा जुगारच होता, पण तो फळला. दरम्यान चर्चचीही दुरुस्ती झाली आणि मे १९७५मध्ये ऑर्गन पुन्हा आपल्या जागी वाजला.

२००३मध्ये फिलिपिन्सने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला. पण त्याला काचेआड ठेवलेले नाही. चर्चमध्ये तो आजही वाजतो आणि १९७६पासून फेब्रुवारीत त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव भरतो. मनिलाला जाणार असाल, तर तो महिना साधा.