विश्लेषण : पाकिस्तानविरुद्ध युद्ध लढलेले नौदलप्रमुख चर्चेचा आग्रह का धरत राहिले?

खुलताबाद : सीमेवर तणाव वाढला की मोबाइलवर ‘आता धडा शिकवाच’ असे मेसेज फिरू लागतात. चर्चा करा म्हणणाऱ्याला थेट देशद्रोही ठरवलं जातं. खुलताबादसारख्या तालुक्यातून ज्या घरातला मुलगा सीमेवर गेला आहे, त्या घराला मात्र युद्धाच्या बातमीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. चर्चेची बाजू मांडणाऱ्यांमध्ये स्वतः युद्ध लढलेले अधिकारीही आहेत. महाराष्ट्रातलं त्यातलं ठळक नाव म्हणजे ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास.

कोण होते ॲडमिरल रामदास?

१९३३ मध्ये मुंबईत जन्मलेल्या रामदास यांनी १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस बियास’ या युद्धनौकेचं नेतृत्व केलं. पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याच्या नाकेबंदीतील कामगिरीबद्दल त्यांना वीर चक्र मिळालं. नोव्हेंबर १९९० ते सप्टेंबर १९९३ या काळात ते नौदलप्रमुख होते. नौदलात महिला अधिकाऱ्यांची भरती १९९२ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळच्या भायमळा गावात राहून शेती करू लागले. मार्च २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा आक्षेप कशाला होता?

मे १९९८ मध्ये भारताने पोखरणला आणि पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या. देशात जल्लोष सुरू असताना रामदास यांनी अण्वस्त्रांना जाहीर विरोध केला.

यामागचं गणित साधं आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यात क्षेपणास्त्र पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. भारत आणि पाकिस्तान शेजारी असल्याने इथे हातात काही मिनिटंच उरतात. रडारवर दिसलेला ठिपका खरा की यंत्राची चूक, हे तपासायला तेवढा वेळ पुरेलच असं नाही. म्हणून अण्वस्त्रं कमी करणं आणि दोन्ही देशांनी बोलत राहणं हाच सुरक्षेचा मार्ग आहे, अशी त्यांची भूमिका होती.

सामान्य माणसाचा यात काय संबंध?

‘पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम फॉर पीस अँड डेमॉक्रसी’ या १९९० च्या दशकातील लोकमंचात रामदास यांनी मोठी जबाबदारी सांभाळली. मच्छीमार कैद्यांची सुटका ही या मंचाची जुनी मागणी आहे. सर क्रीक परिसरातली सागरी हद्द दोन्ही देशांनी अजून निश्चित केलेली नाही. बोटीवर जीपीएस असलं तरी मान्य रेषाच नसेल तर ते काय दाखवणार? गुजरातच्या बोटींवर काम करणारे पालघरचे खलाशीही त्यामुळे पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात.

या कामासाठी २००४ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार रामदास आणि पाकिस्तानी पत्रकार आय. ए. रहमान यांना विभागून मिळाला.

नोकरीत असताना हे अधिकारी का बोलत नाहीत?

कारण तशी मुभा नसते. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सैन्यदलातील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. निवृत्तीनंतर मत मांडण्याचं स्वातंत्र्य मिळतं, पण गोपनीयतेचं बंधन सुटत नाही. माहिती फोडायची नाही, धोरणावर मात्र बोलता येतं.

मार्च २०१९ मध्ये, पुलवामा हल्ला आणि बालाकोट कारवाईनंतर, रामदास यांनी निवडणूक आयोगाला पत्र लिहून सैन्यदलांचा प्रचारात वापर थांबवण्याची मागणी केली. त्याच सुमारास आयोगाने पक्षांना जवानांचे फोटो प्रचारात न वापरण्याची सूचना दिली.

असं फक्त भारतातच घडतं का?

नाही. अमेरिकेच्या ॲन राइट या लष्करात कर्नल होत्या आणि नंतर राजनैतिक अधिकारी झाल्या. इराक युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, मार्च २००३ मध्ये त्यांनी मंगोलियातल्या दूतावासातून राजीनामा दिला आणि त्या युद्धविरोधी चळवळीत उतरल्या. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलांचे प्रमुख राहिलेले जनरल ली बटलर यांनी १९९६ मध्ये अण्वस्त्रं नष्ट करण्याची मागणी केली. आपल्याकडे कराचीत महावाणिज्यदूत राहिलेले मणिशंकर अय्यर राजकारणात आल्यावरही अखंड चर्चेचा आग्रह धरत आले आहेत.

टीकाकारांचं म्हणणं काय?

त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये लाहोर बस गेली आणि काही महिन्यांत कारगिल घडलं. २००४ पासून चर्चेची प्रक्रिया सुरू होती, तरी २६/११ झालं. पुलवामात ४० जवान शहीद झाले, त्यात दोघे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले होते. अशा वेळी चर्चा नेमकी कोणाशी करायची, हा प्रश्न शहीदांच्या कुटुंबांनी विचारला तर तो रास्तच आहे.

रामदास यांच्यासारख्यांचं उत्तर असं, की शत्रूवर विश्वास आहे म्हणून चर्चा करायची नसते, गैरसमजातून युद्ध पेटू नये म्हणून करायची असते. हे उत्तर सगळ्यांना पटेलच असं नाही. वीर चक्र मिळालं म्हणून एखाद्याचं मत आपोआप बरोबर ठरत नाही. पण ज्याने स्वतः युद्धनौका लढाईत नेली, त्याला घाबरट किंवा देशद्रोही म्हटल्याने त्याने विचारलेला प्रश्न सुटत नाही. यंत्राने चुकीचा इशारा दिला आणि हातात काही मिनिटंच असली तर काय करायचं, याचं उत्तर दोन्ही बाजूंना द्यावंच लागेल.