तेरा ठिपक्यांचं दादर

दादर पूर्वेला दादासाहेब फाळके रस्त्यावर एकेकाळी रणजित स्टुडिओत चित्रपट तयार होत. त्याच रस्त्यावर कमला मेहता दादर अंधशाळा आहे. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी ही शाळा काढली. विक्रम संवत १९५६मधल्या, म्हणजे ‘छप्पन्नच्या’ दुष्काळात माणसं अन्नाला महाग झाली होती, तो हा काळ. अंध मुलांना कोणी अक्षर शिकवावं, हा विचारच तेव्हा नवा होता. आज ही मुलींची निवासी शाळा आहे. दृष्टी नसलेल्या मुलाला एक वेळ शाळेत घालतात, मुलीला मात्र घरीच ठेवतात, हे आपल्याकडे गावोगाव घडत आलं आहे. म्हणून मुलींसाठी वेगळी, राहण्याची सोय असलेली शाळा मला फार मोलाची वाटते.

मुंबईच्या या पट्ट्यात अशा जुन्या शाळा आणखीही आहेत: माझगावची १८८५ची कर्णबधिरांची शाळा, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा, शिवडीला वकील दांपत्याने १९४४मध्ये आपल्या जय या लेकीपायी सुरू केलेली जय वकील शाळा. प्रत्येकीवर स्वतंत्र लिहावं लागेल. इथे बोलायचं आहे ते अंध मुलीच्या हातातल्या पाटीबद्दल.

ब्रेल ही बोटांनी वाचायची उठावदार ठिपक्यांची लिपी. तिची पाटी म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्या. वरच्या पट्टीला छोट्या चौकटी, खालच्या पट्टीत प्रत्येक चौकटीखाली सहा खळगे. मध्ये जाड कागद घालायचा आणि स्टायलस नावाच्या टोचणीच्या टोकाने टोचायचं. ठिपका उमटतो कागदाच्या मागच्या बाजूला. त्यामुळे लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं, आणि कागद पालथा करून वाचायचं डावीकडून उजवीकडे. ‘दादर’ लिहायचं तर द, आ, द, र अशा चार चौकटी लागतात. द आणि आ यांना तीन-तीन ठिपके, र ला चार, म्हणजे सगळे मिळून तेरा. वाचताना ‘द’चा एक ठिपका डावीकडे आणि दोन उजवीकडे लागतात, लिहिताना एक उजवीकडे आणि दोन डावीकडे टोचावे लागतात. सहा-सात वर्षांची मुलगी ही उलटापालट बोटांत मुरवते. सुरुवातीला बोट ओळीवरून घसरतं, ठिपके एकात एक मिसळतात. हळूहळू तर्जनी न अडखळता सरकू लागते.

१९५१मध्ये भारती ब्रेल ठरली आणि भारतीय भाषांना ठिपक्यांची एकच व्यवस्था मिळाली. तिची एक खुबी मला फार आवडते. छापील मराठीत ‘स्थिती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘स्थ’च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ब्रेलमध्ये आधी हलन्ताचा एक ठिपका, मग स, थ, इ, त, ई. काना-मात्रा वर-खाली कुठे लटकत नाहीत. स्वर व्यंजनामागून ओळीत येतो. ‘इ’ आणि ‘ई’ यांचे ठिपके वेगळे असल्याने ऱ्हस्व-दीर्घ बोटालाच कळतं.

गणितासाठी टेलर फ्रेम असते. तिच्या अष्टकोनी भोकांत छोटे खिळे बसवायचे. खिळ्याच्या एका टोकाला कड, दुसऱ्याला दोन उंचवटे. खिळा आठ दिशांनी फिरतो, म्हणजे दोन टोकांची मिळून सोळा चिन्हं. शून्य ते नऊ हे अंक आणि बेरीज-वजाबाकीच्या खुणा त्यातच बसतात. हातच्याचा अंक कुठे आहे, हे मुलगी चाचपून पाहते.

आता मोबाईल बोलतो, पुस्तकं ऐकता येतात, मग ब्रेल कशाला, असं बरेच जण विचारतात. ऐकण्याची सोय मोठीच आहे, ती नाकारू नये. पण ऐकून गोष्ट कळते, शब्दाचं अंग कळत नाही. डोळस मुलाला आपण नुसती ध्वनिफीत ऐकवून साक्षर म्हणत नाही. अंध मुलीला का म्हणावं? स्वागत थोरात यांनी २००८मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. बातमी दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचायची, थांबायचं, मागची ओळ पुन्हा चाचपायची, ही मोकळीक त्याने दिली.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलामुलींना अठराव्या वर्षापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. जवळची शाळा मिळावीच. मात्र तिथे ब्रेल येणारे शिक्षक नसतील, तर ती मुलगी वर्गात बसेल आणि निरक्षर राहील.

दहावीच्या परीक्षेत तिच्याशेजारी लेखनिक बसतो, तिच्याहून खालच्या इयत्तेतला. उत्तर तिचं, अक्षर त्याचं. तो ‘स्थिती’ला अडतो. ब्रेल शिकलेली मुलगी त्याला सांगू शकते: थि ऱ्हस्व, ती दीर्घ, आता पुढे लिही.