राउटरला हात लावण्याआधी

क्रांती चौकाजवळच्या उस्मानपुऱ्यासारख्या दाट वस्तीत इंटरनेटची वायर अनेकदा खांबावरून, गच्चीवरून घरात शिरते. मे-जूनमध्ये वळवाच्या विजा कडाडतात तेव्हा तांब्याच्या वायरीतून झटका थेट राउटरपर्यंत येऊ शकतो. फायबरची काच वीज वाहत नाही. पण तिला आधार देणारी पोलादी तार वाहते. म्हणून गडगडाट चालू असेल तर जोडणीचं काम पुढे ढकला.

आधी बटण बंद करा, मग अॅडॅप्टर काढा. त्यावरचे आकडे वाचा, कारण खरी गडबड तिथेच होते. काही राउटर 12 व्होल्टवर चालतात, काही 9 किंवा 5 वर. पिन मात्र सारखीच बसते! व्होल्ट आणि पिनेची ध्रुवता राउटरशी तंतोतंत जुळली पाहिजे. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी नकोत.

फायबरच्या टोकात डोकावू नका. त्यातला लेसर अदृश्य असतो, त्यामुळे डोळा आपोआप मिटत नाही. हिरवा कनेक्टर हिरव्यातच बसवा. निळ्याचं टोक वेगळं घासलेलं असतं. वायर घट्ट दुमडू नका.

लॅनची केबल ‘टक्’ आवाज येईपर्यंत ढकला. बाहेरून येणारी केबल वॅनच्या खाचेत, घरातली यंत्रं लॅनमध्ये. वीज सर्वांत शेवटी.

फायबर तुटली असेल तर उघड्या हाताने उचलू नका, काचेची कुसळं बोटात रुततात. कंपनीच्या माणसालाच बोलवा.