पिल्ले, धनराज
पिल्ले, धनराज : (१६ जुलै १९६८ – ). विख्यात भारतीय हॉकीपटू व भारतीय संघाचे माजी कर्णधार. जन्म पुण्याजवळील खडकी येथे एका तमिळ कुटुंबात. वडील नागलिंगम् व आई अंडालम्मा. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करीत. घरची परिस्थिती बेताची असल्याने धनराज व त्यांचे भाऊ मोडक्या काठ्या आणि इतरांनी टाकून दिलेले चेंडू घेऊन कारखान्याच्या मैदानावर खेळत. लष्करी छावणी व दारूगोळ्याचे कारखाने यांमुळे खडकीत हॉकी हा कामगारवस्तीचा खेळ झाला होता. मोडलेली काठी दोरीने किंवा पट्टीने बांधून पुन्हा वापरणे, हे अशा वस्त्यांतील मुलांच्या नित्याच्या सवयीचे होते. मऊ, चिकट मातीवर चेंडू अपेक्षेप्रमाणे घरंगळत नाही. तो काठीजवळ ठेवूनच पुढे न्यावा लागतो. धनराज यांचे चेंडूवरील नियंत्रण या मातीत घडले. त्या काळातील प्रसिद्ध आघाडीचे खेळाडू मोहम्मद शाहिद हे त्यांचे आदर्श होते व त्यांच्या शैलीचे अनुकरण करण्याचा ते प्रयत्न करीत.

थोरले बंधू रमेश हे मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघातून खेळत. ते भारताकडूनही खेळले होते. १९८०–९० या दशकाच्या मध्यास धनराज त्यांच्याकडे मुंबईस आले. बंधूंच्या मार्गदर्शनाने त्यांच्या उपजत वेगाला शिस्त लाभली. पुढे महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या संघात त्यांना ऑलिंपिकपटू जोकिम कार्व्हालो यांचे प्रशिक्षण मिळाले. कारखाने, बँका, रेल्वे व विमान कंपन्या खेळाडूंना नोकरी देऊन आपापले संघ उभारीत. त्यामुळे सामान्य घरातील मुलाला चरितार्थाची चिंता न करता खेळता येत असे. पिल्ले यांची कारकीर्द याच व्यवस्थेत उभी राहिली. पुढे ते एअर इंडियाच्या संघाशी निगडित झाले.

डिसेंबर १९८९ मध्ये नवी दिल्ली येथील आशिया चषक स्पर्धेत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी आंतरराष्ट्रीय हॉकीत पदार्पण केले. या स्पर्धेत भारतास उपविजेतेपद मिळाले. तो काळ भारतीय हॉकीच्या दृष्टीने कठीण होता. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून कृत्रिम हिरवळीचा वापर सुरू झाला आणि गवताच्या मैदानावर जोपासलेल्या कलात्मक खेळापेक्षा वेग, दम व जोरकस फटके यांना महत्त्व आले. १९८० च्या मॉस्को येथील सुवर्णपदकानंतर ऑलिंपिकमध्ये भारताचे स्थान खालावले. या बदललेल्या खेळात भारतीय पद्धतीचे चेंडू-कौशल्य आणि आधुनिक वेग यांचा संगम पिल्ले यांनी साधला. मध्यरेषेजवळ चेंडू घेऊन बचावफळीतील दोन-तीन खेळाडूंना चकवीत गोलवर्तुळात मुसंडी मारणे, हे त्यांच्या खेळाचे वैशिष्ट्य होते. स्वतः गोल करण्याइतकेच सहकाऱ्यांना संधी निर्माण करून देण्यातही ते निष्णात होते.

१९८९ ते २००४ या काळात त्यांनी भारतातर्फे ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक स्पर्धा (१९९२, १९९६, २००० व २००४), चार विश्वचषक स्पर्धा (१९९०, १९९४, १९९८ व २००२) आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा (१९९०, १९९४, १९९८ व २००२) यांत ते सहभागी झाले. १९९४ मध्ये सिडनी येथील विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात स्थान मिळालेले ते एकमेव भारतीय होते. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८ मध्ये बँकॉक येथे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर पेनल्टी स्ट्रोकद्वारा मात करून आशियाई क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदक ३२ वर्षांनी पुन्हा मिळविले.

या यशानंतर लगेचच पिल्ले यांच्यासह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले. त्यांना विश्रांती दिल्याचे कारण अधिकृतपणे सांगण्यात आले. तथापि सामन्यांचे मानधन व परदेश दौऱ्यातील भत्ता यांबाबत खेळाडूंनी उघडपणे व्यक्त केलेली नाराजी हेच त्यामागील कारण असल्याचे सर्वत्र मानले गेले. देशासाठी खेळणाऱ्याने मोबदल्याविषयी बोलावे की नाही, हा प्रश्न या प्रकरणाने ऐरणीवर आणला. पिल्ले पुढे संघात परतले; परंतु स्पष्टवक्तेपणा व भावनाप्रधान स्वभाव यांमुळे संघटकांशी त्यांचे संबंध अनेकदा ताणलेले राहिले. मलेशिया, जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, बांगला देश इ. देशांतील क्लबांकडूनही ते खेळले. मायदेशी व्यावसायिक हॉकीची सोय नसलेल्या त्या काळात असे करार खेळाडूंना आर्थिक आधार देत.

ऑलिंपिक पदकाने मात्र त्यांना कायम हुलकावणी दिली. बार्सेलोना, सिडनी व अथेन्स येथे भारत सातवा, तर अटलांटा येथे आठवा आला. २००० मध्ये सिडनी येथे गटातील अखेरच्या सामन्यात पोलंडविरुद्धची आघाडी भारताने शेवटच्या काही क्षणांत गमावली. १-१ अशा बरोबरीमुळे उपांत्य फेरीची संधी हुकली. २००२ मध्ये कोलोन येथील चँपियन्स चषक स्पर्धेत, चौतिसाव्या वर्षी, ते स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. २००३ मध्ये क्वालालुंपुर येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषक प्रथमच जिंकला. अथेन्स (२००४) ही त्यांची अखेरची ऑलिंपिक स्पर्धा. त्या संघात खडकीचेच विक्रम पिल्ले हेही होते.

अर्जुन पुरस्कार (१९९५), १९९९-२००० या वर्षाचा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार (२०२१ पासून मेजर ध्यानचंद खेलरत्न) व ‘पद्मश्री’ हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत. संदीप मिश्रा यांनी फरगिव्ह मी अम्मा हे त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले आहे. निवृत्तीनंतर त्यांनी तरुण खेळाडूंच्या प्रशिक्षणाकडे लक्ष दिले. पदकांच्या संख्येवरून त्यांच्या कारकीर्दीचे पूर्ण मोल ठरत नाही. भारतीय हॉकीच्या पडत्या काळात सुमारे पंधरा वर्षे प्रेक्षकांना मैदानाकडे खेचून आणणारा खेळाडू, हे त्यांचे खरे स्थान होय.